एकाच टाकीतला माल

२ फेब्रुवारी, सोमवार

पकडले गेले! बिस्किटांच्या डब्यापायी.

डब्यावर मी लेबल चिकटवलं होतं — "झुरळांचं औषध. हात लावू नये." लाल कवटी, खाली दोन हाडं, सगळं शिस्तीत. छापखान्यात कामाला असण्याचा तेवढा तरी फायदा. तीन आठवडे एकटीने खाल्ली बिस्किटं. आज बाबांना न्हाणीत झुरळ दिसलं आणि त्यांनी नेमका तोच डबा उघडला. चुरा करून कोपऱ्याकोपऱ्यात टाकायला निघाले होते, तेवढ्यात वास आला. मग चिमूटभर तोंडात टाकून बघितला. झुरळांचं औषध चाखून बघणारा माणूस आहे हा! कुणाला सांगावं तर खरं वाटायचं नाही.

मग उद्धार सुरू झाला. पाण्याच्या नोटिशीपासून. (गेल्या वर्षी मी "उद्या दिवसभर पाणी बंद" छापून जिन्यात लावलं होतं. अख्ख्या इमारतीने बादल्या, पातेली भरली. एका घराने तर फुलदाण्या.) शेवटी निकाल लागला — यापुढे या घरात माझ्या हातून आलेलं छापील काहीही खरं धरायचं नाही. "तू कॅलेंडर आणलंस तरी मी शेजारी जाऊन तारीख विचारीन," म्हणाले.

जेवताना हवा हलकी करावी म्हणून आईची नक्कल केली. ती हल्ली एकाच बाजूने चावते, डोळे अर्धे मिटून, रवंथ केल्यासारखं. बाबा इतके हसले की ठसका लागला. आईपण हसली, पण ओठ मिटून. आई हल्ली दात काढत नाही. पूर्वी चाळणीतून पीठ सांडलं तरी दात काढायची. बिस्किटांचा राग असणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज छापखान्यात दिवसभर फरशी पुसायच्या औषधाची लेबलं. तीन जातींची. गुलाबी "गुलाबदाणी", हिरवं "हिरवाई", निळं "दर्या".

माझं काम भिंग धरून लेबल बघायचं — अक्षर तुटलंय का, डाग पडलाय का. वाचायचं नाही, बघायचं. मालक म्हणतात वाचणारा चुका सोडतो, बघणारा पकडतो. म्हणून तर मला ठेवलंय. दहावीला दोनदा आपटले, पण तुटलेला काना मला हातभर लांबून दिसतो.

तर बघता बघता दिसलं की तिन्ही लेबलांच्या तळाची बारीक ओळ एकच! तीच अक्षरं, त्याच क्रमाने. प्लेट बदलायची राहिली असं वाटून मी ओरडले. मशीनवर भोंगा असतो. त्याला भोंगा म्हणतात कारण मशीन चालू असताना बोलायची सवय लागून तो घरीपण ओरडूनच बोलतो. त्याने मशीन थांबवलं, धावत आला, बघितलं, आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, "चूक नाही ही, शहाणे. माल एकाच टाकीतला आहे. बाटली वेगळी, रंग वेगळा, वास वेगळा. आत तेच." मालकांनी वाया गेलेल्या कागदावरून मलाच झापलं. पकडलं तरी बोलणी, सोडलं तरी बोलणी!

येताना बाबांच्या गोळ्या घेतल्या. आईने सकाळीच सांगितलं होतं, कमरेची पाच पाकिटं आण. पाच कशाला म्हटलं तर म्हणाली, सारखी सारखी कटकट नको.

आमच्याकडे गोळ्यांची नावं अवयवांवरून. गुडघ्याची, कमरेची, सर्दीची. खरी नावं कुणालाच माहीत नाहीत. बाबा फरशा बसवतात. दिवसभर उकिडवे, नाहीतर गुडघ्यावर. त्यामुळे गुडघे गेले, कमर धरते, आणि फरशी कापायच्या धुरळ्याने नाक वाहतं. म्हणजे तीन दुखणी, तीन गोळ्या. चिठ्ठी कुणाची नाही. मागितली की मिळते.

घरी येऊन पाकिटं डब्यात टाकताना सवयीने मागची बाजू बघितली. बघितली, वाचली नाही. कमरेचीवर खाली बारीक अक्षरात एक लांबलचक नाव. पॅ-रा-सि-टा-मोल. शेजारी गुडघ्याचीचं पाकीट उलटं पडलं होतं. त्यावर दोन नावं, आणि दुसरं तेच. सर्दीची उलटी केली. तीन नावं, पहिलंच तेच!

एकाच टाकीतला माल.

६ फेब्रुवारी

बाबांना दाखवलं. तिन्ही पाकिटं हातावर ठेवली, भिंग दिलं, नखाने ओळ दाखवली. सांगितलं की तुम्ही तीन औषधं घेत नाही आहात, एकच औषध तीनदा घेताय.

बाबांनी भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं पटलं.

"छान छापलंयस," म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, हे मी नाही छापलं. चंदेरी कागद आहे हा, आमच्याकडे हे मशीनच नाही. तर म्हणे झुरळांची कवटीपण अशीच हुबेहूब होती. आणि असली तिन्हींत एकच वस्तू, तर मग तीन वेगळी पाकिटं कोण कशाला काढेल? गोळीला पत्ता ठाऊक असतो, गुडघ्याची गोळी कमरेत कशाला जाईल?

गोळी काय पोस्टमन आहे का, विचारलं. जास्त बोलू नकोस, म्हणाले, आणि माझ्यासमोर गुडघ्याची आणि सर्दीची एकदम टाकली. रिकाम्या पोटी. वर चहा.

आई मशीनवर पडदे शिवत होती. दुकानाची मोठी ऑर्डर आहे. तिला म्हटलं तू तरी सांग. गालाला हात लावून बसली होती, नुसतीच "हं" म्हणाली.

७ फेब्रुवारी

मेडिकलवाल्या काकांना फोन केला. आवाज ओळखला आणि ठेवला. परत केला. परत ठेवला.

चूक माझीच. मागे एकदा फोन करून विचारलं होतं, डासांच्या गोळ्या डासाला पाण्याबरोबर द्यायच्या की दुधाबरोबर, आणि घेत नसला तर नाक दाबायचं का.

तेव्हा फार हसले होते मी.

८ फेब्रुवारी, रविवार

बाबांना नुसतं विचारलं की दिवसाला किती घेता. म्हणाले दोन गुडघ्याच्या, दोन सर्दीच्या, दोन कमरेच्या. संपलं भाषण.

बेरीज केली. गणितात माझा उजेड, म्हणून चार वेळा केली. कमरेची ६५० ची, दोन म्हणजे १३००. सर्दीची ५०० ची, दोन म्हणजे १०००. गुडघ्याचीतलं ३२५, दोनदा ६५०. सगळे मिळून २९५०.

हे जास्त की कमी कुणाला ठाऊक! सांगणारा फोन ठेवतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज मोठं भांडण झालं. अक्षर बघ कसं आलंय.

सकाळी गोळ्यांचा डबा उघडला. गुरुवारी कमरेची पाच पाकिटं आणलेली. आज एक! चार रिकामी, कचऱ्यात, नीट घडी घालून, वर भाजीची सालं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. चार दिवसांत चाळीस गोळ्या. दिवसाला दहा. आणि हा माणूस मला सांगतो दोन!

काल चार वेळा केलेली बेरीज गेली पाण्यात. नवीन केली — दहा कमरेच्या, ६५००. वर सर्दीचं आणि गुडघ्याचं. ८१५०.

बाबा कामावर निघत होते. दारातच धरलं. म्हटलं तुम्ही खोटं बोलताय. त्यांनी हातातली थापी खाली ठेवली. शांतपणे म्हणाले, दोन घेतो, चार दिवसांच्या आठ झाल्या, एवढा हिशेब फरशीवाल्याला येतो. मी रिकामी पाकिटं नाचवली. म्हटलं मग उरलेल्या बत्तीस काय झुरळांनी खाल्ल्या?

"मी खोटं बोललो असतो तर तुला लगेच ओळखता आलं असतं," म्हणाले. "त्यातली मास्तरीण आहेस तू."

आणि गेले. जेवणाचा डबा विसरून.

आई आतून म्हणाली, जाऊ दे ना, कशाला डोकं लावतेस, दुखत असेल म्हणून घेतल्या असतील. दुखत असेल म्हणून! अगं, दुखतं म्हणून कुणी दहा-दहा खातं? तिला मी हेच म्हटलं. फार जोरात म्हटलं.

आईचं मशीन सुरू झालं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मेडिकलमध्ये स्वतःच गेले, दुपारच्या सुट्टीत. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "आज डासाला काय झालं?"

फळीवर रिकामी पाकिटं मांडली, चार. शेजारी गुडघ्याचं, सर्दीचं. शेजारी माझी बेरीज.

काकांनी गंमत बघायच्या तयारीने कागद ओढला. मग चेहरा बदलला. कॅल्क्युलेटर काढून स्वतः केली. ८१५० च आलं! आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित बरोबर आलं आणि मला जमिनीत जावंसं वाटलं.

कोण घेतं विचारलं. बाबा. कोण आणतं? मी. आमच्याकडूनच? नाही, छापखान्याच्या कोपऱ्यावरून, कधी येताना दुसरीकडून. ज्या दुकानात जाते तिथे कुणी विचारत नाही, मी सांगत नाही.

मग ते बोलले ते आठवेल तसं लिहिते. धडधाकट मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं धरून चार हजारांच्या वर जायचंच नाही. रोज घ्यायची वेळ आली तर त्याच्याही बऱ्याच खाली राहायचं. एक घेतली की पुढच्या गोळीला चार ते सहा तास थांबायचं. पाकिटावरचं मोठं नाव बघायचं नाही, खालचं बारीक बघायचं, कारण हेच औषध सर्दीत, तापात, अंगदुखीत सगळीकडे घातलेलं असतं. दारू असेल तर अजून वाईट. आणि गुडघ्याचीत जे दुसरं आहे ते रिकाम्या पोटी घेतलं की पोट सोलतं आणि मूत्रपिंडालाही बरं नाही. दुखणं चार-पाच दिवसांत हटलं नाही तर गोळी वाढवायची नाही, डॉक्टर गाठायचा.

मी म्हटलं, पण बाबांना काही होत नाहीये. भांडतातसुद्धा जोरात.

काका म्हणाले, "तीच तर गोम आहे, पोरी. गुडघा बोंबलतो, दाढ बोंबलते. यकृत बोंबलत नाही. ते मुकाट्याने सोसतं. आणि बोंबलायला लागलं की उशीर झालेला असतो. माणूस हसतखेळत असला तरी थांबायचं नाही. आजच्या आज ने त्याला."

आजच्या आज! बाबा तर दुसऱ्या टोकाला कामावर, फोन बंद, धुरळ्याने बिघडतो म्हणून बंदच ठेवतात. धावत घरी आले, आईला सगळं सांगितलं, यकृताचंही, काकांच्याच आवाजात. मशीन थांबलं. सुई तुटली म्हणाली. सुई शोधता शोधता विचारलं, किती दिवसांनी कळतं म्हणे?

मी म्हटलं मला काय विचारतेस, बाबांना विचार ना!

११ फेब्रुवारी

काल बाबा आले ते दमून. सांगितलं. काकांनी सांगितलं म्हणून सांगितलं. म्हणाले, त्या काकांनाही तू सामील केलंस? कमाल आहे तुझी.

पालथ्या घड्यावर पाणी. घडा तरी मेला गप्प बसतो!

आज सकाळी ते अंघोळीला गेले असताना माझी पेटी काढली. पलंगाखालची. रबरी पाल, खोटी मिशी, "रंग ओला आहे" पाटी, शिट्टी लावलेली उशी, उरलेली कवटीची लेबलं, पाण्याच्या नोटिशीची मूळ प्रत. सात वर्षांचं भांडवल. नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवली.

म्हटलं, ही सगळी हत्यारं. आज डॉक्टरकडे चला. रक्तात काही नाही निघालं तर पेटी तुमची, कचऱ्यात टाका, मी परत जन्मात थट्टा करणार नाही. शपथ.

बाबांनी मिशी उचलून बघितली, ठेवली. पेटी बंद केली. माझ्याकडे बघितलं. मग शर्टाची बटणं लावायला लागले. कामावर आज नाही येत म्हणून निरोप दिला.

मला रडू यायला लागलं होतं ते मी शिंकेवर निभावलं.

डॉक्टरांनी डोळे बघितले, पोट दाबलं, किती गोळ्या विचारलं. बाबा म्हणाले दिवसाला दोन-दोन-दोन. मी मधे तोंड घातलं, दहा-दोन-दोन. डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, हे काय भाजीबाजारात आलेत का, असं. रक्त घेतलं. तपासणी होईपर्यंत सगळ्या गोळ्या बंद. रिपोर्ट परवा.

१२ फेब्रुवारी

आज लेबलं बघताना तीन चुका सोडल्या. मालकांनी विचारलं तब्येत बरी आहे ना.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट चांगला आहे. सगळं जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले या माणसाने दिवसाला दहा घेतल्याचं काही दिसत नाही. मूत्रपिंडंसुद्धा ठणठणीत. गुडघ्याची पोट भरल्यावर घ्या, सर्दीची आणि कमरेची एकत्र घेऊ नका, गुडघ्यांना व्यायाम दाखवतो. बस.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला. एक मिनिट. मग पहिला विचार आला की मग बत्तीस गोळ्या गेल्या कुठे?

बाहेर येऊन विचारलं. बाबा चालता चालता हसले. "शेरास सव्वाशेर भेटला म्हण," म्हणाले.

म्हणजे यांनी केली? गोळ्या काढून मोरीत टाकल्या, पाकिटं कचऱ्यात घडी घालून ठेवली, मला वेड लावायला? चार दिवस मी जेवले नाही नीट! रडले! काकांसमोर! परत विचारलं तर नुसतेच मिशीत हसले. ना हो, ना नाही.

घरी येऊन बाबांनी पेटी उचलली आणि जिन्याखालच्या कचराकुंडीत. मी वरून बघत होते. रबरी पालीचं शेपूट बाहेर राहिलं.

भोंग्याला कळलं — मीच सांगितलं, चूक झाली — तर तो मशीन बंद असतानाही ओरडून हसला. छापखानाभर. एकदा खरं बोलायला गेले आणि तेच माझं सगळ्यात मोठं हसं!

बाबांनी येताना गोड आणलं होतं, सुटलो म्हणून. आईने घेतलं नाही. तिला दोन दिवस जेवणही जात नाहीये, मळमळतं म्हणाली. पडद्यांवर मान घालून बसून बसून होणारच. बाबांनी म्हटलं, हिलाच आता दाखवू डॉक्टरला. तर केवढी चिडली! मला काय धाड भरलीय, म्हणाली. ऑर्डर सोमवारची आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हरले तर हरले. पण बारीक अक्षर तेच आहे ना! बाबांनी फसवलं म्हणून काय पाकिटावरचं नाव पुसलं गेलं?

दुपारी छापखान्यातला एक वाया गेलेला कागद आणला, मागची बाजू कोरी. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, एकाच टाकीतला माल. खाली — जो घेईल त्याने लिहायचं. कुठली, किती, किती वाजता. कुणी रागावणार नाही, कुणी हसणार नाही. फ्रीजवर लावला, पेन दोऱ्याने बांधलं. तिन्ही पाकिटांवर हाताने चिठ्ठ्या चिकटवल्या, तिन्हींवर एकच मजकूर — "हीच ती."

हाताने लिहिलं मुद्दाम. छापील माझं चालत नाही ना इथे.

बाबांनी लगेच पेन उचललं. "गुडघ्याची — १, जेवणानंतर, ढेकर देऊन. साक्षीदार: फ्रीज." घ्या! यांना चेष्टाच सुचते. माझी पेटी टाकली आणि धंदा स्वतःच सुरू केला.

आई कागदासमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं अक्षर लागत नाहीये, वाचून दाखवू का विचारलं. नको म्हणाली. मग विचारलं, "कमरेची म्हणजे कशालाही घेतली तरी ती कमरेचीच धरायची का गं?"

मी वैतागून म्हटलं, अगं तेच तर आठ दिवस सांगतेय! गोळीला काय कळतंय कुठे दुखतंय!

हं, म्हणाली.

कुणाला काही सांगायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

कागदावर मधोमध एक उभी रेघ मारलेली आहे. पलीकडे आईचं अक्षर.

"कमरेची. दाढेसाठी. आधी दिवसाला २. मग ४. ५ तारखेपासून ८. अजून चालू आहे."

बेरीज एकदाच केली — चार दिवसांच्या बत्तीस, दिवसाला ५२००.

मशीनच्या खणात अजून दोन पाकिटं निघाली. का नाही सांगितलंस, विचारलं. गालावर हात धरून म्हणाली, "सांगितलं असतं तर तू नक्कल केली असतीस."

केली होती की. दोन तारखेला, जेवताना. पान उलटून बघितलं. मीच लिहिलंय — आई हल्ली दात काढत नाही.

काकांना फोन लावला. या वेळी ठेवला नाही. दवाखान्यात न्या म्हणाले, थांबू नका, पाकिटं बरोबर घ्या. आई म्हणतेय मला काही होत नाहीये. बाबा वेगवेगळ्या जोडातल्या दोन चपला घालून गाडी आणायला पळालेत. कागद फ्रीजवरून काढून घेतलाय.

हॉर्न वाजला.